यशया ५३ आणि प्रायश्चित्त: आधी लेवीय उघडा

विचारलेले थोडक्यात असे: लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) अभ्यासवर्गासाठी जुन्या करारातल्या यशयाचा ५३ वा अध्याय, दुसऱ्यांसाठी सोसणाऱ्या एका ‘सेवका’ची कविता, घ्यायचा आहे. हे भविष्य येशूचेच, हे कसे दाखवायचे? ‘हा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र’ असे यहुदी म्हणतात, त्यांना उत्तर काय द्यायचे? आणि त्यात ज्या अर्पणाचा उल्लेख येतो ते नेमके कोणते?

तिसरा प्रश्न आधी घ्या. बहुतेक वर्ग पहिल्यापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. फळ्यावर डावीकडे यशयातली ओळ, उजवीकडे शुभवर्तमानातली घटना: तोंड उघडले नाही, तसा येशू पिलातापुढे गप्प राहिला, मरणात धनवानाबरोबर, तशी अरिमथाईकर योसेफाची कबर. दहाबारा जोड्या लागतात, सगळे माना डोलावतात, आणि प्रायश्चित्ताबद्दल अक्षरही निघालेले नसते. जुळणी झाली की ‘कोण’ एवढेच कळते. एकाच्या मरणाने दुसऱ्याच्या पापाचे काय होते, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, आणि त्याचे उत्तर लेवीय, म्हणजे जुन्या करारातले अर्पणांच्या नियमांचे पुस्तक, वाचल्याशिवाय मिळत नाही.

पण मजकुराची हद्द आधी ठरवून घ्या. कविता ५३:१ ला नाही, ५२:१३ ला सुरू होते. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांच्या विभागणीतून आले, आणि इथे पहिले कडवे मागच्या अध्यायात राहून गेले. एकूण १५ वचने, तीन-तीन वचनांची पाच कडवी. पहिल्या कडव्यात देव बोलतो, ‘माझा सेवक’ म्हणतो. शेवटच्या कडव्याच्या उत्तरार्धात पुन्हा देवच बोलतो. मध्ये ‘आम्ही’ बोलतात. वर्गात प्रत्येकाला छापील प्रत द्या आणि तीन रंगांनी खुणा करायला सांगा: देवाचे शब्द, ‘आम्ही’चे शब्द, सेवकाचे शब्द. तिसरी पेन्सिल कोणालाच वापरावी लागत नाही, कारण या १५ वचनांत सेवक एकदाही बोलत नाही. तोंड न उघडल्याचे सातव्या वचनात दोनदा सांगितले आहे, आणि कवीने ते रचनेतही पाळले आहे.

त्याच खुणांमधून आणखी एक गोष्ट हाती लागते. चौथ्या वचनात ‘देवाने त्याला ताडन केले असे आम्हांला वाटले’ ही ‘आम्ही’ची समजूत आहे, आणि ती अपुरी होती अशी कबुली लगेच येते. सहाव्या आणि दहाव्या वचनांत मात्र परमेश्वरानेच आमचा अन्याय त्याच्यावर लादला, त्याला ठेचावे असे त्याच्या मनास आले, असे म्हटले आहे. पुढे प्रायश्चित्ताच्या निरनिराळ्या उपपत्ती भांडतात त्या या दोन टोकांवर. दोन्ही वचने फळ्यावर शेजारी शेजारी असू द्या. एक पुसून दुसरे ठेवणारा शिक्षक कवितेपेक्षा जास्त खात्रीने बोलतो.

आता काळ. यशयाच्या ४० ते ५५ या अध्यायांचा श्रोता बाबेलच्या बंदिवासातला आहे. यरुशलेमचे मंदिर इ.स.पू. ५८७ मध्ये (दुसऱ्या गणनेने ५८६) जळाले. कोरेश या इराणच्या राजाचे नाव ४४:२८ आणि ४५:१ मध्ये सरळ येते. बाबेल ५३९ मध्ये पडले. दुसरे मंदिर ५१५ च्या सुमारास उभे राहिले. हे अध्याय इ.स.पू. आठव्या शतकातल्या यशयानेच पुढचे पाहून लिहिले असे मानणारे आहेत. बंदिवासातल्या अनाम संदेष्ट्याने लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. या वादात वर्गाचा तास घालवू नका. श्रोता दोघांनाही बाबेलातलाच धरावा लागतो, आणि त्या श्रोत्याकडे वेदी नाही. मेंढा नेणार कुठे? रक्त टाकणार कशावर? अशा लोकांपुढे दहाव्या वचनात एका माणसाच्या जिवाला ‘दोषार्पण’ म्हटले जाते. या अध्यायातली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच आहे, आणि जोड्यांच्या यादीत तिला जागाच नसते.

दोषार्पणाचे नियम लेवीय ५:१४ ते ६:७ मध्ये आहेत. (इब्री आवृत्तीत हा सगळा भाग पाचव्याच अध्यायात, ५:१४–२६ असा मोजतात. वर्गात कोणी यहुदी छापील प्रत आणली तर आकड्यांचा घोळ इथे होतो.) प्रसंग मुख्यतः दोन. एक, देवाच्या पवित्र वस्तूंच्या बाबतीत नकळत झालेला अपहार. दुसरा, शेजाऱ्याची फसवणूक: ठेव बुडवली, लुबाडले, सापडलेली वस्तू दडपली आणि वर खोटी शपथ घेतली. कृती ठरलेली आहे. मूळ रक्कम परत, तिच्यावर पाचवा हिस्सा. १०० शेकेल बुडवले असतील तर १२० मालकाच्या हातात. मग कळपातला निर्दोष मेंढा. लेवीय ७ प्रमाणे त्याचे रक्त वेदीच्या सभोवार टाकायचे, चरबी आणि गुरदे वेदीवर जाळायचे, मांस याजकवर्गातल्या पुरुषांनी पवित्र जागी खायचे. म्हणजे दोषार्पणात नुकसानीचा हिशेब असतो. कोणाचे तरी काहीतरी घेतले गेले आहे आणि ते वाढवून परत करायचे आहे.

पापार्पण वेगळे, ते लेवीय ४ मध्ये. तिथे भर शुद्धीवर आहे, आणि पाप कोणी केले त्यावर सगळे बदलते. प्रमुख याजकाने किंवा साऱ्या मंडळीने केले तर गोऱ्हा. रक्त आत नेऊन परमपवित्रस्थानाच्या (सगळ्यांत आतल्या खोलीच्या) पडद्यापुढे सात वेळा शिंपडायचे, धूपवेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना) लावायचे, आणि धड छावणीबाहेर नेऊन जाळायचे. अधिपतीने केले तर बकरा. सामान्य माणसाने केले तर बकरी किंवा मेंढी, आणि रक्त बाहेरच्या होमवेदीच्या शिंगांना. काही ठरावीक चुकांसाठी ऐपतीप्रमाणे सवलतही आहे: दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर, तेल आणि ऊद न घालता. गरिबाचे पापार्पण पिठाचे होते आणि त्याचीही क्षमा होत असे. ‘रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही’ एवढेच तोडून फळ्यावर लिहिणारे या पिठापाशी अडखळतात. इब्री लोकांस पत्र ९:२२ पूर्ण वाचा, त्याच्या सुरुवातीलाच ‘बहुतेक’ आहे. पत्रकर्त्याला लेवीय पाठ होते.

या अर्पणांना सीमाही आहे. हात उगारून, जाणूनबुजून देवाचा अवमान करणाऱ्यासाठी गणना १५:३०–३१ मध्ये अर्पणच नाही. त्याला लोकांतून काढून टाकायचे. स्तोत्र ५१ मध्ये ‘तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी केला असता’ असे येते, ते याच भिंतीशी उभे राहून.

दुसरी गोष्ट, रक्त कुठे लागते ते पाहा. पापार्पणात ते वेदीला, पडद्याला, दयासनाला (कराराच्या कोशाच्या झाकणाला) लागते, पाप करणाऱ्याला लागत नाही. जेकब मिलग्रॉम या यहुदी अभ्यासकाने यावरून मांडले की पापार्पण मुळात पवित्रस्थान धुण्यासाठी आहे: लोकांच्या पापाने देवाचे घर मळते, आणि मळत गेले तर देव तिथे राहणार नाही. आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पटकन येतो तो जत्रेत देवीला नवसाने कापलेला बोकड, कोपलेली देवता शांत व्हावी म्हणून. ते चित्र मनात ठेवून लेवीय वाचले की प्रत्येक विधी लाच वाटू लागतो. वर्गाच्या सुरुवातीलाच हे चित्र बाजूला काढून ठेवावे लागते.

रक्त माणसाला लागते असे प्रसंग मोजके आहेत: सीनायवरचा करार, याजकांची दीक्षा, आणि लेवीय १४ मधली त्वचारोग्याची शुद्धी (जुन्या भाषांतरांतला ‘कुष्ठरोगी’). हा शेवटचा प्रसंग यशयासाठी महत्त्वाचा, कारण तिथे लागणारे रक्त दोषार्पणाचेच असते: उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. छावणीबाहेर टाकलेला माणूस त्या रक्ताने पुन्हा लोकांत येतो. यशयाचा सेवकही लोकांनी तोंड फिरवावे असा, पीडित, टाकलेला. तालमूदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात (सन्हेद्रीन ९८ब), मशीहाचे (येणाऱ्या अभिषिक्ताचे) नाव काय, या चर्चेत कोणी ‘कुष्ठी’ असे उत्तर देतो आणि आधार देतो तो यशया ५३:४ चाच.

आता प्रायश्चित्ताचा दिवस, लेवीय १६. सातव्या महिन्याचा दहावा दिवस. प्रमुख याजक आधी स्वतःसाठी गोऱ्हा अर्पण करतो, मग लोकांसाठी दोन बकरे घेऊन चिठ्ठ्या टाकतो. एक परमेश्वरासाठी: त्याचा वध होतो, रक्त परमपवित्रस्थानात दयासनावर आणि त्याच्यापुढे शिंपडले जाते. दुसरा अजाजेलासाठी (हे कोण किंवा काय, यावर एकमत नाही): त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळी पापे कबूल करतो आणि तो जिवंत रानात सोडला जातो. नीट पाहा, ज्याचे रक्त जाते त्याच्यावर पापे ठेवलेली नाहीत, आणि ज्याच्यावर पापे ठेवली तो कापला जात नाही. (पुढे दुसऱ्या मंदिराच्या काळात त्याला कड्यावरून ढकलत, असे मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाचा योमा भाग सांगतो, लेवीयात ते नाही.) प्रवचनांत हे दोन बकरे सर्रास एक होतात. पण त्यांना खरोखर एक करणारा पहिला माणूस यशयाचा कवी आहे. त्याचा सेवक लोकांचा अन्याय वाहून नेतो, जिवंतांच्या भूमीतून तोडला जातो, आणि वर दोषार्पणही ठरतो. लेवीयात वेगवेगळ्या प्राण्यांत वाटलेली कामे इथे एका माणसात आली आहेत. म्हणून ‘यातले अर्पण कोणते’ याचे काटेकोर उत्तर: नाव दोषार्पणाचे, वाहून नेणे दुसऱ्या बकऱ्याचे.

कोकरू यात कुठे बसते? या अध्यायात ते अर्पण म्हणून येतच नाही. सातव्या वचनात वधाला नेलेले कोकरू आणि कातरणाऱ्यापुढे गप्प उभी मेंढी ही उपमा गप्पपणाची आहे, आणि लोकर कातरणे हा काही विधी नव्हे. वल्हांडणाचे कोकरूही निर्गम १२ मध्ये पापासाठी नसते. ते मिसरातून सुटकेच्या रात्रीचे, दाराच्या चौकटीला रक्त लावायचे. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू अर्पिले जाई ते होमार्पण, वेदीवर पूर्ण जाळायचे. योहान १:२९ मधला ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ या सगळ्या धारा एकत्र आल्यावरच शक्य होतो. ती जोडणी नव्या कराराच्या लेखकांची आहे आणि ती तशीच, त्यांची म्हणून शिकवावी. लेवीयातले कोणते कोकरू पापे वाहून नेते असे कोणी विचारले तर दाखवायला एकही सापडत नाही.

इस्राएलच्या प्रश्नावर ‘उत्तर देण्याची’ घाई नको. त्या वाचनाला मजकुरातच आधार आहे: ४१:८, ४४:१ आणि ४९:३ मध्ये सेवक म्हणजे इस्राएल असे स्पष्ट आहे. ५२:१५ मध्ये थक्क झालेले राजे आहेत; ५३:१ पासून बोलणारे ‘आम्ही’ तेच असतील तर अर्थ सरळ लागतो: ज्या राष्ट्राला आम्ही देवाने टाकलेले समजलो ते आमच्यासाठी सोसत होते. हे वाचन अकराव्या शतकात राशी या यहुदी भाष्यकाराने ख्रिस्ती लोकांना उत्तर म्हणून काढले असे सांगितले जाते, ते चूक. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने आपल्याशी वाद घालणाऱ्या यहुद्यांचे म्हणणे नोंदवले आहे, ते हेच. ‘यहुदी हा अध्याय सभास्थानात वाचत नाहीत, लपवतात’ हेही सोडून द्या. तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) जोडीला संदेष्ट्यांचे निवडक उतारेच वाचले जातात. कितीतरी भाग वाचनात येत नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही आधार आहे. ४९:५–६ मध्ये सेवकाला इस्राएलकडेच पाठवले आहे, म्हणजे तो इस्राएलपेक्षा वेगळा असला पाहिजे. ४२:१९ मधला सेवक आंधळा आणि बहिरा, तर ५३:९ मधला निष्कपट. ५३:८ मध्ये ‘माझ्या लोकांच्या’ अपराधांसाठी असे येते. तार्गूम हे जुने अरामी भाषांतर ५२:१३ ला सेवक म्हणजे मशीहा असे उघड म्हणते, पण सोसण्याच्या ओळी मात्र दुसऱ्यांच्या माथी मारते. कविता सेवकाचे नाव घेत नाही. प्रेषितांची कृत्ये ८:३४ मध्ये कूशी (इथिओपियाकडचा) षंढ दरबारी फिलिप्प या सुवार्तिकाला नेमके हेच विचारतो: संदेष्टा स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? ख्रिस्ती वाचन हे पुनरुत्थानानंतर मागे वळून केलेले वाचन आहे. तसे म्हणायला संकोच कशाला? इम्माऊसच्या वाटेवर येशूने शिष्यांना शास्त्र उलगडले ते वधस्तंभानंतर, आधी नाही.

पाठभेदाचा एक मुद्दा सांगावा इतका मोलाचा आहे. अकराव्या वचनात पारंपरिक इब्री प्रतीत ‘त्याच्या जिवाच्या कष्टानंतर तो पाहील’ एवढेच आहे; काय पाहील ते नाही. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत मिळालेली यशयाची मोठी गुंडाळी साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, सात मीटरहून लांब. तिच्यात ‘प्रकाश पाहील’ असे आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही प्रकाश आहे. मरणानंतर सेवकाचे काही होते याचा धागा त्याने बळकट होतो. तुमच्या भाषांतरात तो शब्द आहे का ते वर्गाआधी पाहून ठेवा.

आता नवा करार. या १५ वचनांचे सरळ उद्धरण सात ठिकाणी येते, आणि कशासाठी येते हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो. मत्तय ८:१७ मध्ये ५३:४ येते ते रोग बरे करण्याविषयी. योहान १२:३८ आणि रोम. (रोमकरांस पत्र) १०:१६ मध्ये ५३:१ येते ते लोकांच्या अविश्वासाविषयी. रोम. १५:२१ मध्ये ५२:१५ येते ते पौलाच्या सुवार्ताकार्याविषयी. लूक २२:३७ मध्ये ‘अपराध्यांत गणला गेला’. फिलिप्पाच्या प्रसंगात सातवे-आठवे वचन येते, तेही पापे वाहण्याच्या ओळी वगळून. (मार्क १५:२८ जुन्या हस्तलिखितांत नाही, ते मोजू नका.) सेवकाविषयीच्या या कवितेच्या शब्दांत येशूचे मरण आपल्या पापांसाठी असे उलगडून सांगणारा उतारा एकच, १ पेत्र २:२२–२५, आणि तोही छळ सोसणाऱ्या गुलामांना उपदेश करताना. यापलीकडे प्रतिध्वनी आहेत: मार्क १०:४५ मधली ‘पुष्कळांसाठी खंडणी’, रोम. ४:२५, इब्री ९:२८. ते खरे आहेत, पण ते ऐकायला मूळ कविता कानात हवी. इब्री १३:११–१२ मध्ये तर येशूचे वेशीबाहेर मरणे लेवीयातल्या छावणीबाहेर जाळलेल्या धडाशी जोडले आहे, यशयाशी नाही.

उपपत्तींवर फार वेळ घालवू नका. सुरुवातीच्या शतकांत मृत्यू आणि सैतानावरचा विजय, खंडणी ही भाषा पुढे होती; अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या सन्मानाची भरपाई मांडली; त्याच्या मागून आलेल्या अबेलार्डने प्रेमाने मन पालटण्यावर भर दिला; सोळाव्या शतकात कॅल्विन आणि इतर सुधारकांनी आमची शिक्षा त्याने भोगली हे न्यायालयाच्या भाषेत मांडले. निकियाच्या मतांगीकारात (चर्चच्या जुन्या विश्वासघोषणेत) ‘आम्हां मानवांसाठी व आमच्या तारणासाठी’ एवढेच आहे. कसे, हे नाही. अँसेल्मची भरपाई दोषार्पणाच्या सर्वांत जवळ जाते असे मला वाटते, जरी त्याची भाषा सरंजामी होती.

वर्गात हटकून येणारा प्रश्न: एकाच्या पापासाठी दुसरा कसा मरेल? यहेज्केल १८ मध्ये तर जो पाप करील तोच मरेल असे ठणकावून सांगितले आहे. प्रश्न रास्त आहे. निर्गम ३२:३२ मध्ये मोशे लोकांच्या बदली स्वतःचे नाव खोडून टाकायला सांगतो आणि देव नाकारतो. पण त्याच यहेज्केलाला चौथ्या अध्यायात ३९० दिवस डाव्या कुशीवर आणि ४० दिवस उजव्या कुशीवर निजून इस्राएलाचा आणि यहूदाचा अन्याय वाहायला लावले आहे. यहेज्केल १८ हे बापाने खाल्लेल्या आंबट द्राक्षांनी पोराचे दात आंबले म्हणणाऱ्यांना, जबाबदारी झटकणाऱ्यांना दिलेले उत्तर आहे. यशयातले ‘आम्ही’ जबाबदारी झटकत नाहीत. ते ‘आमचे अपराध’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणतात.

याच जागी पाचव्या हिश्शाची आठवण द्या. प्रायश्चित्तावरच्या शिकवणीत मेंढा उरतो आणि १२० शेकेल गळून जातात. मिश्ना (योमा ८:९) म्हणतो की माणसामाणसातल्या अपराधांचे प्रायश्चित्त तो प्रायश्चित्ताचा दिवस करीत नाही, आधी शेजाऱ्याची समजूत घालावी लागते. मत्तय ५:२३–२४ मध्ये येशू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. जक्कय हा जकातदार लूक १९ मध्ये चौपट परत करतो. आणि इ.स. ७० नंतर मंदिर गेले तेव्हा रब्बी योहानान बेन जक्काईने होशेय ६:६ चा आधार घेऊन दयेच्या कृत्यांना प्रायश्चित्ताची जागा दिली. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’ म्हणून पाळत, घराचे दार लावून, दिवसभर उपाशी. वेदी नसताना काय करायचे, हा बाबेलातला प्रश्न यहुदी आणि ख्रिस्ती दोन्ही घरांनी आपापल्या परीने सोडवला आहे.

तीन बैठका मिळत असतील तर पहिली लेवीय ४, ५ आणि १६ ला द्या, दुसरी रंगीत पेन्सिलींसह कवितेला, तिसरी १ पेत्र आणि इब्री ९–१० ला. दोनच मिळाल्या तर उपपत्ती गाळा, लेवीय गाळू नका. कॅथोलिक उपासनेत गुड फ्रायडेचे पहिले वाचन ५२:१३–५३:१२ हेच असते. वाचणाऱ्याला सांगून ठेवा: ५३:१ च्या आधी नीट थांबायचे, कारण तिथे बोलणारा बदलतो, आणि अकराव्या वचनाच्या मध्यावर, ‘माझा सेवक’ येण्याआधी, पुन्हा एकदा.